चंद्रावर जाणारं खुराडं

लीअँडर क्विंबीमास्तर कुंपण ओलांडून पलीकडे गेले ते फक्त एक शून्य वाढवायला.

शून्याला स्वतःची किंमत नसते, ते कुणाच्या उजव्या हाताला उभं राहतं यावर सगळं अवलंबून असतं, हे वाक्य मास्तर हॉलिवूडच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवताना दरवर्षी सांगत आणि दरवर्षी वर्गातलं कुणीही ते ऐकत नसे. पण म्हणून शून्याची विटंबना उघड्या डोळ्यांनी बघत बसायची? शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सिनेमावाल्यांनी तळ ठोकला होता. छप्पर नसलेली खोली, तीनच भिंती, वर ऊन गाळायला ताणलेलं पांढरं कापड, आणि एका भिंतीवर भलामोठा फळा. त्या फळ्यावर चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर लिहिलं होतं. न्याहारीचं अंडं फोडता फोडता मास्तरांची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिकडे गेली आणि चमचा हातातच राहिला. अंतर दहापटीनं कमी होतं. चंद्र इतका जवळ असता तर पहिल्याच भरतीत अख्खं लॉस एंजेलिस, मास्तरांच्या टोमॅटोंसकट, वाहून गेलं असतं.

अंडं काही गोड लागेना. शेवटी बंडीच्या खिशात खडू होताच, म्हणून ते उठले, कुंपणाची सैल फळी बाजूला सारली, सरळ फळ्यापाशी गेले, शून्य काढलं, बोटांची भुकटी झटकली आणि वळले. समोर तिकाटण्यावर कॅमेरा होता, एक माणूस त्याचा दांडा गरागरा फिरवत होता आणि वीस-पंचवीस माणसं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती.

मास्तरांना वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. दिग्दर्शक रूफस गार्लंड पुढे आला. मैलभरात घोडा नव्हता तरी त्याच्या पायात घोडेस्वाराचे बूट होते आणि हातात पत्र्याचा भोंगा. पण तो ओरडला नाही. बाजारात बैल पाहावा तशी त्यानं मास्तरांभोवती एक फेरी मारली.

"हा जो तुच्छतेचा भाव आहे," तो म्हणाला, "तो तुम्ही कुठे शिकलात?"

मास्तर म्हणाले, "तो भाव नाही. चेहरा आहे."

गार्लंडनं सांगितलेला सिनेमा असा होता की एक थोर शास्त्रज्ञ अग्निबाणात बसून चंद्रावर जातो, तिथे चंद्राची राणी त्याच्यावर भाळते आणि शेवटी तो तिला सोडून निघतो. गार्लंडकडे अग्निबाणाचं लाकूड होतं, चंद्राचे डोंगर होते, एक धबधबासुद्धा होता. फक्त शास्त्र नव्हतं. मास्तरांनी शास्त्रीय सल्लागार व्हावं असं त्यानं तिथल्या तिथे सुचवलं. मास्तरांनी आधी स्वच्छ नकार दिला. मग विचार केला, इथे चुकीचं अंतर लिहिलं गेलं तर ते देशभर दाखवलं जाईल आणि लाखो मुलं चुकीच्या चंद्राकडे बघत मोठी होतील. ही जबाबदारी टाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आपण पडद्यामागून सल्ला देऊ, नाव कुठे येता कामा नये, या अटीवर त्यांनी होकार दिला.

नावाची अट उगाच नव्हती. त्या वस्तीत भाड्याच्या घरांवर पाट्या असत: कुत्री आणि सिनेमावाले यांना जागा मिळणार नाही. कुत्र्यांच्या बाबतीत थोडी तडजोड होई. मास्तरांच्या पलीकडच्या घरात राहणारे एबेन स्टॉडर्ड हे शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. आयोवात त्यांनी जन्मभर अंत्यविधीचा धंदा केला होता. निवृत्त होऊन इकडे ऊन खायला आले तरी सवय जात नव्हती. माणूस भेटला की ते आधी नजरेनं त्याची लांबी-रुंदी घेत. ज्या शिक्षकाची सावलीसुद्धा सिनेमावर पडेल त्यानं आपली भाकरी दुसरीकडे शोधावी, असं त्यांनी मंडळाच्या बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. आणि नेमकी त्याच महिन्यात मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली होती. स्टॉडर्डसाहेबांनी मास्तरांना रस्त्यात थांबवून, एकदा डोक्यापासून पायापर्यंत मापून, "तुमच्यासारख्या गंभीर माणसाचा विचार चालू आहे," असं सांगितलंही होतं. मास्तर ती जागा पंधरा वर्षं मनात जपून होते.

म्हणून त्यांनी ठरवलं, या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. हेन्रिएटाबाईंना त्यांनी सांगितलं की आपण शाळा सुटल्यावर वाचनालयात बसून भरती-ओहोटीवर वाचन करणार आहोत. बाईंनी बरं म्हटलं. मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं की अठरा वर्षांच्या संसारात बाईंनी कुठल्याही गोष्टीला पहिल्या झटक्यात बरं म्हटलेलं नव्हतं.

सल्ल्याचं काम पहिल्याच दिवशी अडलं. मास्तरांनी सांगितलं, चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तिथे माणसं असू शकत नाहीत. गार्लंड म्हणाला, मग नायक प्रेम कुणावर करेल? मास्तर म्हणाले, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या कक्षेत येत नाही. धबधबाही असू शकत नाही, असं ते पुढे म्हणाले, पण धबधबा बांधून झाला होता आणि सुतार तिथेच उभे होते, हातोड्यांसकट. तेव्हा मास्तरांनी एवढीच सवलत दिली की धबधबा असलाच तर तो सावकाश पडेल, कारण चंद्राचं ओढणं कमी आहे. गार्लंडला हे इतकं पसंत पडलं की त्यानं मास्तरांना मिठी मारली. पुरुषानं पुरुषाला भर दुपारी मिठी मारण्याचा मास्तरांचा हा पहिलाच अनुभव. त्यातून सावरायला त्यांना सबंध संध्याकाळ लागली.

मग आला अग्निबाण. तो दोन मजली उंच होणार होता, आणि वस्तीत इतकी उंच वस्तू उभारायची तर शहराचा परवाना लागतो. कचेरीत गार्लंडचे बूट पाहिले की खिडक्या बंद होत. म्हणून नेकटाय बांधणारा सभ्य माणूस या नात्यानं मास्तरांना पाठवण्यात आलं. शून्य वाढवायला निघालेला माणूस परवान्याच्या रांगेत कसा उभा राहिला, हे मास्तरांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, आत माणसं बसणार का? मास्तर हो म्हणाले. मग ते घर, कारकून म्हणाला. घराला संडास हवा आणि मागचं दार हवं. मास्तरांनी समजावलं की हे घर नव्हे, ते जमीन सोडून जातं, म्हणजे कथेत जातं. मग ते वाहन, कारकून म्हणाला. त्याला पुढे-मागे दिवे हवेत, घंटा हवी, आणि जातं कुठे? चंद्रावर, असं मास्तर म्हणाले मात्र, कारकुनानं त्यांना शहराच्या हद्दीबाहेरच्या वाहतुकीच्या खिडकीवर धाडलं. तिथल्या माणसानं विचारलं, यातून धूर येतो का? येतो म्हटल्यावर तो म्हणाला, मग ही चिमणी. तोंडाला जाळी बसवा. धूर खालून येतो, असं मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या माणसानं नियमांचं पुस्तक चाळलं. उलट्या चिमणीचा नियम नव्हता. त्यानं त्यांना परत पहिल्या खिडकीवर पाठवलं.

"अहो, मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे," मास्तर शेवटी म्हणाले.

"मग तर तुम्हाला समजायला हवं होतं," कारकून म्हणाला आणि त्यानं जेवणाचा डबा उघडला.

असला अपमान गिळून मास्तर घरी परतले. स्टॉडर्डसाहेब आपल्या डेलियाच्या फुलांना पाणी घालत होते. मास्तरांना राहवेना. त्यांनी आडवळणानं विषय काढला: समजा, एखाद्या माणसाला परसात एखादी उंच वस्तू उभी करायची आहे, निव्वळ समजा, तर त्यानं काय करावं? स्टॉडर्डसाहेबांनी झारी खाली ठेवली, नजरेनं मास्तरांचं माप घेतलं, जणू मागच्या वेळेपासून काही फरक पडलाय का बघत होते, आणि म्हणाले, "खुराडं म्हणा."

त्यांनी समजावून सांगितलं की शहराचे नियम करणारे बहुतेक लोक कोंबड्या पाळणाऱ्यांचीच पोरं. खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपासून किती लांब हवं, जमीन कशी हवी, सगळं बारकाईनं लिहून ठेवलंय. उंचीचं कुणाला सुचलंच नाही. हे बोलून ते पुन्हा झारीकडे वळले. वस्तू कसली, माणूस कोण, काही विचारलं नाही. मास्तरांना त्यांच्या सभ्यतेचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं शिक्का मारला आणि वर म्हणाला, आधीच सांगायचं ना.

अशा तऱ्हेनं मानवजातीचा चंद्राकडे निघालेला अग्निबाण सरकारदरबारी खुराडं म्हणून उभा राहिला. लाकडी सांगाडा, वर चंदेरी पत्रा, टोकाला सुई. तो पाहून मास्तरांचा ऊर भरून आला. आणि मग तपासनीस आला. सगळीकडे फिरला, पत्रा ठोकून पाहिला आणि म्हणाला, कोंबड्या कुठायत? कोंबड्यांशिवाय खुराडं म्हणजे परवान्याची फसवणूक. शिवाय इमारत उभी असेतोवर कोंबड्यांचा मुक्काम आतच हवा.

मास्तरांनी ही बातमी गार्लंडला सांगितली. गार्लंडनं आधी भोंगा जमिनीवर आपटला. मग थबकला. मग म्हणाला, शास्त्रज्ञ चंद्रावर कोंबड्या नेतो, यात काही शास्त्र बसवता येईल का? मास्तरांनी डोळे मिटले. आपल्या विषयाची त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि सांगितलं की अनोळखी हवेची परीक्षा करायला जिवंत प्राणी नेण्याची पद्धत खाणीत आहे. चंद्रावर हवाच नाही, हे ते बोलले नाहीत. त्यांच्या सल्लागारपणातली ही पहिली खरी घसरण, आणि घसरण एकदा सुरू झाली की तिला गुरुत्वाकर्षणाची मदत असते.

कारण कोंबड्या आत आल्या आणि शास्त्रज्ञाचं काम करणारा नट बाहेर गेला. तो देखणा होता, पण अग्निबाणाच्या दारात पाय ठेवताच एका पांढऱ्या कोंबडीनं त्याच्या नाकाला चोच मारली. आपलं नाक हीच आपली मिळकत, असं म्हणून त्यानं काम सोडलं. गार्लंडनं हळूच मान वळवली. मास्तरांनी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

मास्तरांनी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं, आणि गार्लंड म्हणाला की तुम्हाला अभिनय करायचाच नाहीये, तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर उभं राहून गुरुत्वाकर्षण समजावून सांगायचं. आजवर त्यांना गुरुत्वाकर्षण समजावून सांगा असं आपणहून कुणीही म्हटलेलं नव्हतं. किती बोलू, त्यांनी विचारलं. हवं तितकं बोला, गार्लंड म्हणाला, इतक्या सहज की दुसऱ्या कुणालाही संशय आला असता. सिनेमा मुका असतो हे मास्तरांना ठाऊक होतं. पण मधून मधून अक्षरांच्या पाट्या येतात हेही ठाऊक होतं, आणि आपलं सबंध व्याख्यान त्या पाट्यांवर झळकणार, असं ते धरून चालले.

ते बोलले. काय बोलले! हाताचे पंजे नाचवून, भुवया उंचावून, मुठी आवळून त्यांनी ग्रह फिरवले. एक सुतार हातोडा ठेवून ऐकत बसला. गार्लंडनं त्यांना चष्मा काढून खिशात ठेवायला लावलं होतं, कारण काचेवर ऊन चमकतं. त्यामुळे समोरचं जग धुक्यात गेलं होतं आणि त्या धुक्यात मास्तरांना हजारो विद्यार्थी दिसत होते.

चेहऱ्याला मात्र पिवळा रंग फासावा लागे, कॅमेऱ्याला तो गोरा दिसतो म्हणून. घरी येण्याआधी मास्तर तो चोळून काढत, पण कानामागे आणि कॉलरला थोडा राहून जाई.

"अहो, तुम्ही पिवळे दिसताय," हेन्रिएटाबाई एकदा जेवताना म्हणाल्या.

वाचनालयातले दिवे तसेच आहेत, असं मास्तरांनी सांगितलं. बाईंनी समोरच्या प्रिंगलबाईंना बोलावून आणलं. ऑगस्टा प्रिंगल या महिला मंडळाच्या प्रमुख; डॉक्टरकीचं शिक्षण नसल्यामुळे त्यांचं निदान कधी डळमळत नसे. त्यांनी मास्तरांच्या डोळ्याची पापणी खाली ओढली, कानामागे बघितलं आणि जाहीर केलं, कावीळ. उपाय: सकाळ-संध्याकाळ मोठा चमचाभर एरंडेल, उकडलेलं बीट, आणि कॉफी बंद. खरं सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर कॉफी. मास्तरांनी एरंडेल घेतलं. सत्यापायी विष प्यायलेल्या थोर माणसांची नावं इतिहासात आहेत. असत्यापायी एरंडेल प्यायलेल्याचं नाव कोण ठेवणार?

बातमी वस्तीभर झाली. चर्चचे पाद्री रेव्हरंड टिबेट्स घरी येऊन प्रार्थना करून गेले. स्टॉडर्डसाहेब कुंपणापाशी थांबून मृदू आवाजात म्हणाले की कधी ना कधी प्रत्येकाला लाकडाची निवड करावी लागते, आणि त्यांच्या मते ओक टिकाऊ, पण अक्रोड दिसायला शोभिवंत.

आणि तो दिवस उजाडला. शास्त्रज्ञ चंद्राचा निरोप घेतो हा प्रसंग घ्यायचा होता. चंद्रवासी रांगेनं उभे होते. अंगात चंदेरी झगे, डोक्यावर कागदाच्या लगद्याची बनवलेली गोल, टकली, मोठाली डोकी. राणीच्या चेहऱ्यावर रुपेरी मुखवटा. चंद्रावर बोलायची पद्धत नसल्यानं कुणी बोलत नव्हतं. मास्तरांना चष्म्याविना सगळं पुसटच दिसत होतं, तरी एक उंच चंद्रवासी पाठीत वाकलेला वाटला, एक बुटका पुन्हा पुन्हा इतरांना ढकलून कॅमेऱ्यासमोर येत होता, आणि एकाचे हात घडीघडी आशीर्वाद दिल्यासारखे वर जात होते. बरे तरुण लोक मिळाले नाहीत वाटतं याला, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

व्हायोलिनवाल्यानं करुण सूर धरला. राणीनं हात पुढे केला. मास्तरांनी, गार्लंडनं सांगितल्याप्रमाणे, तो हात क्षणभर धरला, सोडला, आणि ताठ मानेनं चालत अग्निबाणात शिरले. मागे वळून बघितलं नाही. आत कोंबड्यांनी त्यांना जागा करून दिली; आता त्यांची ओळख झाली होती.

खाली धुराची दारू पेटवायची होती. दारू ठेवणाऱ्यानं थोडीशीच ठेवली आहे असं सांगितलं होतं. ती थोडीशी दारू उडाली तेव्हा दोन गल्ल्यांपलीकडच्या घरातली बशी फुटली असं नंतर कळलं. अग्निबाण तसूभर हलला नाही; त्याचा एक पत्रा मात्र खरोखर आकाशात गेला. कोंबड्यांखालच्या पेंढ्यानं पेट घेतला. कोंबड्या एका झुंडीनं बाहेर झेपावल्या आणि चंद्रवासीयांच्या पायांत घुसल्या. लगद्याच्या डोक्यांतून धड दिसत नव्हतं. चंद्रवासी एकमेकांवर आपटत, झग्यांत अडखळत, धबधब्यात पडत होते. धबधबा सावकाश पडत होता. चंद्रवासी भराभर पडत होते.

मास्तर काळेठिक्कर होऊन बाहेर आले, खिशातला चष्मा चढवला आणि शिक्षकाच्या आवाजात ओरडले, "डोकी काढा! गुदमराल!"

डोकी निघाली.

उंच डोक्याखालून स्टॉडर्डसाहेब निघाले. बुटक्याखालून प्रिंगलबाई, केस विस्कटलेल्या, गालांवर चंदेरी टिकल्या. आशीर्वादवाल्या डोक्याखालून रेव्हरंड टिबेट्स. त्यांच्या झग्याच्या खोळीत एक कोंबडी शांतपणे बसली होती. मास्तर थिजल्यासारखे उभे राहिले. बाकीचेही उभे राहिले. इतका धक्का बसला होता की कुणाला लाजायचंसुद्धा सुचेना. तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या पाठीवर चंदेरी झग्याचे सपासप तडाखे मारायला लागलं.

"अहो, हलू नका," चंद्राची राणी म्हणाली, "कोट पेटलाय."

तो आवाज मास्तर अठरा वर्षं ऐकत होते. राणीनं मुखवटा वर सरकवला. हेन्रिएटाबाईंच्या नाकावर घाम होता आणि डोळ्यांत, का कोण जाणे, बिलकूल पश्चात्ताप नव्हता.

स्टॉडर्डसाहेब खाकरले. म्हणाले, मी इथे आवाजाची तक्रार करायला आलो होतो. प्रिंगलबाई धुळीची तक्रार घेऊन आल्या होत्या. रेव्हरंड आत्म्यांच्या वतीनं आले होते. हेन्रिएटाबाई वाळत घातलेल्या चादरींवर भुसा उडतो म्हणून भांडायला आल्या होत्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, तेव्हाच गार्लंड म्हणाला होता की राणी सापडली. त्याची रीतच होती. तक्रार घेऊन येणाऱ्याला तो पाणी देई, खुर्ची देई आणि मग त्याच्या डोक्यावर डोकं ठेवी.

"म्हणजे माझं तुला ठाऊक होतं?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही आल्याच्या दिवसापासून."

"मग मला एरंडेल का पाजत होतीस?"

"मला वाटलं, दुसऱ्या चमच्याला तरी खरं बोलाल," बाई म्हणाल्या.

"मी चौथा म्हटलं होतं," प्रिंगलबाई म्हणाल्या.

मास्तर घरी जाऊन अंथरुणात शिरले आणि दुसऱ्या दिवशीही उठले नाहीत. एरंडेलाचा असर ओसरला होता, धक्क्याचा नव्हता. सिनेमात फक्त राणीचा जवळून दिसणारा, मुखवट्याविना चेहरा घ्यायचा राहिला होता. तो गार्लंडनं त्या दिवशी घेतला. मास्तरांनी व्हायोलिन ऐकलं आणि उशी कानावर ओढली.

त्यानंतर वस्तीत अळीमिळी गुपचिळी. रविवारच्या प्रवचनात रेव्हरंड टिबेट्स एरवी सिनेमाच्या पापावर बोलायचे. या रविवारी चहाडखोरपणाच्या पापावर बोलले आणि श्रोते कधी नव्हे ते मनापासून माना डोलवत होते. शाळेच्या मंडळाची बैठक झाली. स्टॉडर्डसाहेबांनी नाव सुचवलं, कुणी कुणाच्या तोंडाकडे न बघता एकमतानं मंजूर झालं, आणि क्विंबीमास्तर मुख्याध्यापक झाले. पंधरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा मान खाली घालून आला. ही नेमणूक आपल्या विद्वत्तेची की अध्यक्षांच्या चंदेरी झग्याची, हा प्रश्न मास्तरांना रात्रंदिवस कुरतडत होता. सगळ्यांत मोठा घाव म्हणजे, तो कुणाला विचारताही येत नव्हता.

एकच दिलासा होता. व्याख्यान. सिनेमा लागला की निदान देशाला कळेल.

शनिवारी दुपारच्या खेळाला सगळे गेले. दिव्यांनी मान टाकताच अंधारात ओळखीचे खोकले ऐकू यायला लागले. पडद्यावर प्रयोगशाळा आली. फळा आला. मास्तर आले, केवढे मोठे! त्यांनी भुवया उंचावल्या, पंजे नाचवले, मुठी आवळल्या. पियानोवाल्यानं खालच्या पट्टीत भेसूर सूर काढला. खुर्चीतले मास्तर पुढे सरसावले. आता पाटी. पाटी आली: हा हा! आता चंद्राची राणी माझीच!

बस, एवढंच. सबंध गुरुत्वाकर्षणाचं एवढंच. प्रेक्षागृहात धिक्काराचा हिस्स असा आवाज उठला. तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला की या कथेत शास्त्रज्ञ थोर नव्हताच. तो दुष्ट होता. तो चंद्राला फसवायला गेला होता, सगळ्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं, आणि त्यांचा चेहरा, जो भाव नसून चेहरा होता, त्याचसाठी निवडला गेला होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या लेकराचे डोळे झाकले. मास्तर हळूहळू खुर्चीत घसरत गेले, इतके की गुडघे समोरच्या पाठीला टेकले.

म्हणून तो चेहरा आला तेव्हा ते खालून वर बघत होते. अग्निबाण गेला होता आणि सबंध पडद्यावर हेन्रिएटा होती. मुखवटा नाही. ती काही करत नव्हती, फक्त बघत होती, जाणाऱ्याच्या दिशेनं. मग एका डोळ्यात पाणी आलं, थांबलं, आणि तिनं ते पडू दिलं नाही. पियानोवाला वाजवायचं विसरला. स्टॉडर्डसाहेबांनी अंधारात नाक शिंकरलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं रडणं बघण्यात गेलेला माणूस. मास्तरांना जो धक्का बसला त्यापुढे स्फोट, डोकी, पाटी सगळं फिकं होतं. हा चेहरा आपल्या घरात रोज न्याहारी वाढत होता, आणि आपण तो आज, तिकीट काढून, पहिल्यांदा बघितला.

घरी जाताना रस्त्याकडेच्या झाडांखालून दोघं अर्धी वाट चालले. शेवटी मास्तरांनी विचारलं, "तुला रडू कसं आलं?"

"आधी येईना," बाई म्हणाल्या. "त्यांनी व्हायोलिन वाजवून पाहिलं, कांदा आणला. मग गार्लंडसाहेब म्हणाले, आदल्या दिवशी तो माणूस कसा चालत गेला, ते आठवा. मला आठवलं. तुम्ही मागे वळून बघितलं नव्हतं."

"ते तर त्यानं मला सांगितलं होतं, न बघता जायचं म्हणून."

"हो का? तुम्ही रोज सकाळी शाळेला तसेच जाता," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुमचं तुम्हीच बसवलंत."



सोमवारी मुख्याध्यापक म्हणून त्यांचा पहिला दिवस. नवी कॉलर, ब्रश मारलेली टोपी. पायऱ्या उतरून ते फाटकापर्यंत आले. ताठ मानेनं चालायची अठरा वर्षांची सवय मोडायला मानेला थोडा त्रास झाला. त्यांनी ती वळवली. वळवताना चेहऱ्यावर काय भाव आणावा हे कळेना, म्हणून टोपीला हात लावून ठेवला.

व्हरांडा रिकामा होता. दार बंद होतं. हेन्रिएटाबाई मागच्या दारानं, बाजूच्या फाटकातून बाहेर पडल्याही होत्या. गार्लंडच्या नव्या सिनेमाचं काम आता दूर, मोठ्या स्टुडिओत होतं आणि तिकडची लाल ट्राम उलट्या दिशेच्या कोपऱ्यावरून सुटत असे. डोक्यावर निळी हॅट, हातात डब्याची पिशवी. झपझप चालल्या होत्या.

मास्तर टोपीला हात लावून फाटकात उभे राहिले. कोपऱ्यावर तरी, असं त्यांना वाटलं.

कोपरा आला. बाई वळल्या, आणि मागे न बघता दिसेनाशा झाल्या.